उशाची बेल छताशी

“कोणी दाबल्यान? कोणी दाबल्यान रे ती घंटी?”

मिस्त्री केबिनच्या दारात उभा राहून ओरडत होता. मालवणी गळा, त्यात रिकामा मजला. खाली दोह्याच्या कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरायला आलेल्यांनी माना वर केल्या असतील. आणि वेस्ट बेच्या त्या टॉवरचा आमचा मजला एवढा उंच, की तिथं कबुतरंसुद्धा लिफ्टनं येत. मी डबा तसाच टाकून धावलो. मी त्या कामाचा फोरमन. मिस्त्री सोडून माझी सगळी माणसं माझ्याबरोबर मागच्या पॅसेजमध्ये जेवायला बसलेली, एकही जागचा हललेला नव्हता. पण पँट्रीत वेटरसाठी लावलेल्या बोर्डावर केबिनच्या नंबराची पट्टी खाली पडली होती आणि अजून थरथरत होती.

केबिनमध्ये कोणी नव्हतं. पलंग, आरसा, मखमली खुर्ची, सगळं जागच्या जागी. बेलचं पितळी बटणही जागच्या जागी. छताच्या पट्टीखाली, टाळूच्या कितीतरी वर.

“थंय हात पुरता काय कोणाचो?” मिस्त्री म्हणाला. “माझो नाय पुरत. तुमचो तर नायच नाय.”

“माझ्या उंचीवर घसरू नको. शमाल सुटलाय, टॉवर डुलतोय. तारेला तार लागली असेल.”

शमाल सुटला होता हे खरं. तो वाळूचा उत्तरेकडचा वारा सुटला की काचेबाहेरचा समुद्र पिठात बुडाल्यासारखा दिसतो, आणि एवढ्या उंचीवर टॉवर हलतो. माणसाला ते जाणवत नाही, लाकडाला जाणवतं. जुनी फळकुटं एकामागून एक करकरायला लागतात, आधी दारापाशी, मग आरशापाशी, मग पलंगाच्या उशाशी, जणू कोणीतरी अनवाणी खोलीभर फिरतंय. इमारतीतली बाकीची सगळी कामं आम्ही केली, जिप्सम, काच, संगमरवर, कुठंही हा आवाज नाही. फक्त त्या केबिनमध्ये.

आता आभाळात बोटीची केबिन कशी आली ते सांगतो. हॉटेलच्या मालकाला, म्हणजे इथल्याच एका वयस्कर कतरी गृहस्थाला, शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंड-न्यूयॉर्क बोटींचं वेड. त्यानं ठरवलं, आपलं रेस्टॉरंट म्हणजे त्या बोटीचा पहिला वर्ग. मोडीत निघालेल्या एका बोटीची अस्सल अक्रोडाची पॅनेलं त्यानं लिलावात घेतली आणि ती पेट्यांतून आमच्या इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपला आली. पेटी उघडली तेव्हा जो वास आला, तो मी अजून विसरलो नाही. पॉलिश, जुनं अत्तर, आणि खाली कुठंतरी ओलं मीठ.

काम समजावून द्यायला डिझायनर बाई यायच्या. बाई वसईच्या, राहायला दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात, आणि वर्कशॉपमध्ये आल्या की उंच टाचांच्या चपला काढून भुशात उभ्या राहायच्या. फोनवरची चित्रं दाखवत त्यांनी आम्हाला पहिला वर्ग शिकवला. सकाळी डेकवर खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीवर प्रवाशाच्या नावाची चिठ्ठी. अकराच्या सुमाराला गरम सूप. पांघरूण गुडघ्यावर घालायला वेगळा नोकर. जेवणाच्या आधी बिगुल, आणि बिगुलाच्या आधी बायकांनी कपडे बदलायचे, दिवसातून चार-पाच वेळा. मी हेच आमच्या लोकांना जेवताना सांगायचो, जरा मसाला घालून: की टेबलावर बारा काटे, त्यातला एक नुसता बाकीच्यांवर लक्ष ठेवायला, की एका मडमेच्या हॅट्स ठेवायला दुसरी बोट मागून येत असे. हसून हसून लोकांच्या नाकात डाळ जायची.

बेलचं मात्र मी काही वाढवून सांगितलं नव्हतं, कारण ती आहे तशीच पुरेशी होती. प्रत्येक केबिनमध्ये उशाशी एक बटण. बाईसाहेबांनी डोकं न उचलता हात लांब करायचा आणि दाबायचं. पँट्रीतल्या बोर्डावर घंटी वाजते, त्या केबिनच्या नंबराची पट्टी खाली पडते, आणि कोणीतरी उठून जाऊन काय हवं ते विचारून येईपर्यंत ती खालीच राहते. मालकाला हे सगळं चालू हवं होतं. नुसतं शोभेचं नाही.

मग उशाचं बटण छताला कसं गेलं? मिस्त्रीमुळं.

हा मिस्त्री मालवणकडचा, दोह्यात निम्मं आयुष्य काढलेला, आणि त्या महिन्यात त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता. गावी घर बांधून होत आलं होतं. पुढच्या दाराची चौकट उभी करायचा मुहूर्त ठरला होता. लोकांच्या घरांच्या हजार चौकटी बसवलेल्या माणसाला स्वतःच्या घराची स्वतः बसवायची होती, आणि भावानं फोनवर सांगून टाकलं होतं, “तू येवक नाय, तर मी दुसरो सुतार बघतंय.” तिकीट घंटी वाजली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. पण कंपनीनं अट घातलेली: मालकानं केबिन पसंत केली आणि बाईंनी सही केली, तरच सुट्टी. नापसंत झाली तर दुरुस्ती होईपर्यंत मिस्त्री इथंच, आणि चौकट दुसऱ्याच्या हातून.

आणि ह्याच माणसानं फळी फिरवली. त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं, की लाकूड घरात जसं वाढलं तसंच उभं राहिलं पाहिजे. बुंधा खाली, शेंडा वर. गाठीवरून त्याला कळतं फांदी कुठल्या बाजूला निघाली होती. विलायती सुतारांनी नक्षी जुळवायला पलंगाशेजारचं एक उंच पॅनेल शेंड्यावर उभं केलं होतं. मिस्त्रीला ते बघवेना. “अख्खा झाड डोक्यार उभा केल्यानी. अशा खोलीत माणसाक झोप लागात?” असं म्हणून त्यानं कोणालाही न विचारता ते पॅनेल सुलटं केलं, वरखाली नक्षीच्या पट्ट्या ठोकल्या, डिंक लावला, सांध्यांवर पॉलिश मारलं. बटणाचं भोक उशापासून छताला गेलं. इलेक्ट्रिशियननं जिथं भोक दिसलं तिथं बटण बसवलं. त्याला कोणी विचार करायचे पैसे देत नव्हतं. आणि मी? मी त्या आठवड्यात किचनच्या टाईल्समध्ये गुडघ्यापर्यंत रुतलेलो होतो.

तर त्या दुपारी आम्ही दोघं छताकडं बघत उभे, पट्टी मी वर सारलेली, तेवढ्यात बाई आल्या. मालक तासाभरात येणार होते. बाईंनी पलंग बघितला, आरसा बघितला, वर बघितलं, आणि त्यांचा आवाज मिस्त्रीच्याही वर गेला.

“अहो, हे काय आहे? बेल उशाशी असते! वर कोण दाबणार, पंखा?”

मिस्त्रीनं शांतपणे बुंधा आणि शेंडा सांगितला. बाईंनी कपाळाला हात लावला.

“आता काढा आणि फिरवा.”

“पट्टी, डिंक, पॉलिश,” मी म्हणालो, “दोन दिवस तरी जातील.”

“मग मी सही कशावर करू? तुमच्या तोंडावर?”

मिस्त्रीनं खिशातून रुमाल काढला आणि आधीच लखलखणारा पलंगाचा खूर पुसायला लागला. सावकाश, परत परत तोच खूर. मला ते बघवेना. मी बाईंना म्हणालो, “तुम्ही गप्प राहा. बोलायचं मी बघतो.”

मालक आले. पांढरा पायघोळ थोब, हातात जपमाळ, मागं दोन-तीन माणसं. डायनिंग हॉल आवडला, जिना आवडला, “माशाल्ला, माशाल्ला” म्हणत केबिनपाशी आले. आत शिरले. वाऱ्यानं उशाशी लाकूड करकरलं. त्यांनी वर बघितलं, आणि बोटानं दाखवून इंग्रजीत विचारलं, “ही इतक्या वर का?”

बाईंचा श्वास मला ऐकू आला. मी पुढं झालो.

“सर, मुद्दाम आहे,” मी म्हणालो. “उशाशी बेल साध्या केबिनमध्ये. पण पहिल्या वर्गात ती वर. केबिनमध्ये पाणी शिरलं की उशाची बेल पहिल्यांदा पाण्याखाली जाते. आतली बाई पाण्याबरोबर वर वर येते, छताला टेकते. तिथं तिचा हात जिथं पोचेल, तिथं ही. दार उघडत नसतं, पण बेल वाजवता येते.”

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्यात. कोल्हापूरचा आहे, आमच्याकडं थाप नसली तर चहाला रंग येत नाही. पण ही थाप तोंडातून बाहेर पडली आणि खोलीत उभी राहिली. बटणाभोवतीचं पॉलिश झिजून फिकट झालेलं मला तेव्हाच दिसलं. शंभर वर्षं उशाशी हात चाचपून चाचपून झिजलेलं, ते मला ठाऊक होतं. पण आता ते छताशी होतं, आणि बोटं खालून वर आल्यासारखं दिसत होतं.

मालकाची जपमाळ थांबली. ते बराच वेळ बटणाकडं बघत राहिले. मग म्हणाले, माझे आजोबा मोत्यांच्या होडीवर होते. खाली बुडी मारणाऱ्याच्या कमरेची दोरी त्यांच्या हातात असायची. दोरीला हिसका बसला की ओढायचं, लगेच. हातातली दोरी सोडून पाणीसुद्धा प्यायचं नाही.

आणि त्यांनी मला विचारलं, “मग बेल वाजल्यावर कोणी आलं का?”

थापेला एवढं पुढं मी नेलंच नव्हतं. आणि तेवढ्यात, पलीकडं पँट्रीत, घंटी वाजली. लांबलचक, बोट न उचलता दाबून धरल्यासारखी. पट्टी पडल्याचा ‘टक्’ आवाज इथपर्यंत आला.

कोणी हललं नाही. आम्ही सगळे वर बघत होतो, आणि वर कोणी नव्हतं.

घंटी थांबली. मालकांनी केबिनबाहेर पाऊल टाकलं, मग दारातून मागं वळून बाईंना म्हणाले, “खलास, संपला विषय. अशीच राहू द्या. हात लावू नका.” आणि लिफ्टकडं निघून गेले. परत ते त्या केबिनमध्ये कधी शिरले नाहीत, असं मी ऐकून आहे.

लिफ्टचं दार लागल्यावर बाई माझ्यावर तुटून पडल्या, पण हळू आवाजात. “अहो, ती बोट बुडालीच नव्हती! आयुष्यभर गेली-आली, म्हातारी झाली, बंदरात उभी करून मोडली. त्या केबिनमध्ये कोणी बुडालेलं नाही!”

“माहितेय मला.”

“मग तुम्ही कोणाला बुडवलंत तिथं?”

मी सहीचा कागद पुढं केला. बाईंनी सही केली. मिस्त्रीनं कागदाची घडी घालून शर्टच्या आतल्या खिशात ठेवली. जाण्याआधी तो केबिनच्या दारापाशी थांबला, आत गेला नाही.

“मी फिरवतंय ती फळी परत,” तो म्हणाला. “रात्रभर बसतंय, करतंय.”

“आणि सकाळचं विमान? मालकानं हात लावू नका म्हटलंय. वाऱ्यानं वाजली रे. थाप होती ती, तुला माहितेय.”

“तुमी सांगितल्यात ता खोटा,” मिस्त्री म्हणाला. “पण लाकडान आयकल्यान ना.”

मग पटाशी, रंधा, गुण्या पिशवीत घालून निघाला. मीच त्याला ढकलत लिफ्टपर्यंत नेला.

तो गेला आणि दोन दिवसांत शमाल पडला. समुद्र असा सपाट झाला की त्यावर कोणी पाणसळ ठेवावी आणि बुडबुडा मधोमध यावा. टॉवर हलायचा थांबला. केबिन थांबली नाही. उरलंसुरलं काम करायला मी तिथंच होतो. जेवणाच्या वेळेला लाकूड करकरायचं, दारापाशी, आरशापाशी, उशाशी, आणि मग वर, छताशी. मग घंटी. इलेक्ट्रिशियननं बटण उघडलं, तार बघितली, बोर्ड बघितला, सगळं ठीक आहे म्हणाला आणि दुसऱ्या साईटवर बदली मागून घेतली. नवे वेटर भरती झाले, ते पट्टी पडली की एकमेकांकडं बघायचे. पट्टी संध्याकाळपर्यंत खालीच असायची. शेवटी मी लांब काठीनं ती वर सारायचो. माझंच केबिनमध्ये जायचं धाडस होत नव्हतं, कारण तिथं कोण आहे हे मला ठाऊक होतं. मीच तर त्या बुडालेल्या बाईला तिथं ठेवली होती.

मुहूर्ताच्या दिवशी मी मिस्त्रीला फोन लावला. मागं बायकांचा गलका, भांड्यांचा आवाज, कोणीतरी पोरांवर खेकसत होतं.

“बसली चौकट?”

“बसली. माझ्याच हातान. बुंधो खाली, शेंडो वर.”

“झकास. आता ऐक, वारा पडलाय. चार दिवस पान हलत नाही. आणि ती बेल वाजतेच आहे रे. रोज वाजते. काय करायचं आम्ही?”

त्याला घाई होती, पाहुणे जेवायचे होते.

“मगे कोणीतरी जावन इचारा तिका,” तो म्हणाला, “काय व्हया ता.”