सत्यभामाबाईचं रडं

माणसं का रडतात, याबद्दल सोनाळ्यात दोनच मतं होती. एक दुःख, नाहीतर ढोंग. सत्यभामाबाई दोन्हींत बसत नव्हती. तिला राग आला की रडू येई, हसू आवरेनासं झालं की येई, शेजाऱ्याची गाय व्याली तरी डोळ्यांत गंगा-जमुना! गाव तिला रडूबाई म्हणे.

नवरा गेल्यावर वांग्या-मिरच्यांचा मळा तिने एकटीने राखला. विहीर दिराशी सामाईक. एक दिवस पाण्याची बारी तिची, एक दिवस दिराची, हे दोघा भावांनी तोंडी ठरवलेलं. त्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला आणि दीर हिंमतराव सरळ म्हणाला, असं काही ठरलंच नव्हतं. तिचा मळा वाळू लागला. वऱ्हाडाचा कारभार नागपूरचे साहेब पाहत असतील, पण सोनाळ्याच्या विहिरीचा न्याय महादेवाच्या पारावर पंचच करत.

हिंमतराव मोठा बेरकी. पंचांना म्हणाला, "वहिनीले बेलभंडार उचलू द्या. डोळे कोरडे राह्यले तं बारी तिची."

बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शपथ वाहायची, आणि तेव्हा ज्याचा डोळा पाणावला त्याच्या पोटात पाप, ही गावाची समजूत. असल्या समजुती कोरड्या काळजाची माणसंच रचतात, दुसरं कोण!

सत्यभामाबाईने बेलभंडार उचलला मात्र, टिपं गळायला लागली. लोक कुजबुजले. हिंमतराव मिशीत हसला. एरवी इथवर आलं की ती पदर तोंडाला लावून घर गाठायची. त्या दिवशी तिने पदराला हात लावला नाही.

"हो, रडून राह्यले," ती म्हणाली. "लगनात रडले, तुमच्या लेकरांच्या बारशाले रडले. मले कोनं बिनरडता पाह्यलं असंन तं त्यानं पुढं यावं. डोळे माह्या ताब्यात नाईत पंचहो, पन जीभ हाय. बारी माही हाय!"

पंचांतले भाजीचे व्यापारी फकीर मोहम्मद हसलेच. "बाई सच बोलते. माह्या नसीमाच्या निकाहात आमच्या घरच्यांपेक्षा हीच जास्त रडली. तवा काय खोटं बोलत होती?"

सारा पार खदखदला. सत्यभामाबाईने बेलभंडार दिरापुढे धरला. "भाऊजी, तुमचे डोळे तं कोरडे हायेत. आता तुमी उचला."

हिंमतरावाचा हात पुढे येईना. त्याने पंचांकडे पाहिलं, पिंडीकडे पाहिलं, मग खाली मान घातली. पंचांनी तिथेच बारी वहिनीच्या पदरात टाकली.

दुसऱ्या दिवशी तिच्या मळ्याच्या पाटात पाणी खळाळलं. बैल हाकत, मोटेवरची गाणी मोठ्याने म्हणत सत्यभामाबाई खुशाल रडत होती. बांधावरून जाणारी मंजुळाबाई थबकली.

"आता काऊन रडून राह्यली वं?"

"जितले म्हून!" सत्यभामाबाई ओरडली आणि तिने बैलांना हाळी दिली.