डावा धागा

हैदराबादच्या मिशनच्या शाळेत मी नऊ वर्षं राहिले. मॅट्रिक झाल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला जालन्याला परत आणलं. घर तिथल्या मस्तगड भागात. खाली रस्त्याच्या अंगाला दादांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज आणि वर आम्ही राहायचो. आई मी शाळेत असतानाच गेली होती. घरात आत्या होती. ती पुष्कळ बोलायची, पण माझ्याशी नव्हे, माझ्याबद्दल. हळदीकुंकवाला शेजारच्या मुली मला ‘मडम’ म्हणायच्या. मराठीत काही बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवत असे, आणि ते जुळेपर्यंत त्यांचा विषय दुसरीकडे गेलेला असायचा. ‘हो’, ‘नको’ आणि ‘आले’ एवढ्या तीन शब्दांवर माझे दिवसच्या दिवस निघत.

गॅरेजात मोठे मिस्त्री होते. मूळचे धावड्याचे. भावाची तिकडे शेती होती, पण हे तरुणपणीच मोटारींच्या मागे लागून इकडे आले. परतूरकडून रुईच्या गाठी आणणाऱ्या ट्रकच्या चाकांचे नट असे गच्च बसलेले असत, की पान्याच्या दांड्यावर चार हात लांब पाइप घालून त्यावर उभं राहावं लागे. हे काम मिस्त्री वीस वर्षं करत आले होते. आता त्यांचा उजवा खांदा वर जात नव्हता. टोपी घालायची तर ते मान खाली करून डोकंच टोपीत घालत. खांदा असाच राहिला तर धावड्याला भावाच्या दारात जाऊन बसावं लागेल, हे ते हसत हसत सांगत. पण सांगत रोज.

म्हणून दादांनी हवेवर चालणारा पाना मागवायचं मनावर घेतलं. मुंबईच्या एका दलालाने दोन परदेशी कारखान्यांची माहितीपुस्तकं पाठवली. दोन्ही इंग्रजीत. दादांना पत्ते आणि पावत्या वाचता येत, त्यापुढचं नाही. एके दिवशी चारच्या चहाला त्यांनी मला खाली बोलावलं आणि टेबलाशी खुर्ची ठेवली. गॅरेजात मला खुर्ची मिळाली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

“वाच, अन् कोणता घ्यायचा ते सांग.”

मिस्त्री चित्रावर वाकले. “ही तर बंदूक हाय, मालक. घोडाबी हाय. लायसन लागंल.”

“लागतंच. पण पोलिसाचं न्हाई, दिल्लीचं. परदेशी माल हाय,” दादा म्हणाले.

गॅरेजातले दोन्ही फिटर हसले. मी वाचू लागले. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. तिसऱ्या-चौथ्या ओळीतच मी म्हणाले, “हा पाना डाव्या हाताच्या धाग्यांसाठीही चालतो.”

पुस्तकात शब्द होता ‘थ्रेड’.

“धागा?” धाकटा फिटर म्हणाला. “मालक, शिवायची मशीन मागवून राह्यले का?”

हसण्याचा असा लोंढा आला की मी पुस्तक मिटून उठलेच. मिस्त्रींनी डाव्या हाताने डब्यातला एक बोल्ट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “बसा, ताई. ह्याच्यावर नख फिरवा.” मी फिरवलं. नख गोल गोल वर चढत गेलं. “ह्याला आम्ही आटे म्हणतो. काही ट्रकच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत्यात, उलट्या अंगानं खोलावं लागतंय. पण तुमचंबी बराबर हाय. बोल्टला धागा गुंडाळल्यावानीच दिसतंय की.” मग फिटरकडे वळून, “हसू नको. तुला धागा न्हाई वाचता येत, अन् आटाबी न्हाई.”

नखात काळं ग्रीस भरलं होतं. रात्री जेवायला बसेपर्यंत मी ते धुतलं नाही.

त्यानंतर रोज चार वाजता मी खाली जाऊ लागले. पुस्तकात लिहिलं होतं की पान्याच्या पोटात हवेने फिरणारा एक हातोडा असतो आणि तो आतल्या ऐरणीवर ठोके मारतो. ते ठोके नटाला सैल करतात, माणसाच्या हाताला झटका बसत नाही. मिस्त्रींना हे इतकं आवडलं की त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. “खांद्याला झटका न्हाई, असंच लिव्हलंय का? शब्द बोट ठेवून दाखवा.” मी बोट ठेवलं. त्यांनी त्या शब्दाकडे, देवाच्या तसबिरीकडे बघावं तसं पाहिलं.

दोन्ही पाने पाऊण इंची, म्हणजे नटावर बसणारी गोटी ज्यावर चढते तो दांडा तेवढा जाड. एकाचं वजन अकरा रत्तल, म्हणजे पाचेक किलो, दुसऱ्याचं सोळा. आकड्यांवरून कळेना, म्हणून मिस्त्रींनी दोन पिशव्यांत तेवढ्या तेवढ्या वजनाचे जुने नट भरले आणि त्या एकेक करून चाकाच्या उंचीवर धरून पाहिल्या. सोळाची पिशवी थरथरायला लागली. दादा मात्र सोळावाल्याकडेच झुकले होते, कारण त्याचा जोर जास्त. “एकदाच घ्यायचा तर दणकट घ्यावा.” मिस्त्री म्हणाले, हलका असेल तर हात टिकेल. रोज तोच वाद, रोज चहा, आणि रोज दोघांच्या मधे माझी खुर्ची. “ताई, ते उलटं फिरवायचं कसं म्हणलं? परत सांगा.” सोळावाल्याची मागची कडी दोन्ही हातांनी फिरवावी लागे, अकरावाल्याला अंगठ्याने दाबायची पट्टी होती. हे मी किती वेळा सांगितलं असेल.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मला उत्तर सापडलं होतं. दोन्ही पुस्तकांच्या शेवटी बारीक अक्षरात एक तक्ता होता, कोणता पाना मिनिटाला किती हवा खातो त्याचा. आमच्याकडे टायरात हवा भरायची मशीन होती. ती मिनिटाला किती हवा देते हे सांगणारी तिच्यावरची पितळी पट्टीही इंग्रजीतच होती, आणि ती वाचलेली गॅरेजात मी एकटीच. सोळावाला पाना आमच्या मशीनची सगळी हवा दोन नटांत संपवून टाकणार होता, आणि मग टाकी भरेपर्यंत नुसतं उभं राहायचं. अकरावाल्याला ती कशीबशी पुरली असती. एवढं सांगितलं असतं तर तिथल्या तिथे निकाल लागला असता, पुस्तकं कपाटात गेली असती, आणि मी वर.

मी त्या पानाचा कोपरा दुमडला आणि पुढचं पान वाचायला घेतलं.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी मी चार वाजता खाली उतरले तेव्हा मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते. एका ट्रकच्या डाव्या चाकावर पाइप घसरला होता, आणि तोल जाताना त्यांनी उजव्या हातानेच दांडा धरला होता. हात पंच्याने गळ्यात बांधला होता, चेहरा राखेसारखा. फिटर म्हणाला, “मी म्हणलं मी करतो, तर ऐकंनात.” दादा नुसते येरझारा घालत होते.

मी पुस्तक काढलं, तक्ता उघडला आणि सांगितलं. त्या दिवशी मनात वाक्य जुळवावं लागलं नाही. दादांनी मशीनच्या पट्टीशी आकडे ताडून पाहिले.

“मंग हे आधी का न्हाई सांगितलंस?”

“आजच सापडलं.”

दादांनी मान डोलावली, माझ्यापुढे कागद ठेवला आणि ते दलालाला लिहायच्या पत्राचा मजकूर सांगायला बसले. पुस्तक मिस्त्रींच्या मांडीवर होतं. त्यांनी डाव्या अंगठ्याने तो दुमडलेला कोपरा सरळ केला. इतक्या दिवसांची घडी, ती सरळ होईना. त्यावर त्यांच्याच बोटांचे काळे ठसे होते, आदल्या दिवसांचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण घडी किती जुनी आहे हे कोणालाही कळलं असतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “सापडलं न्हवं? बास.”

दुसऱ्या दिवशी ते धावड्याला गेले.

परवाना, दलाल, बंदर या सगळ्यात पाना यायला पाच महिने लागले. सापडलं त्याच दिवशी सांगितलं असतं तरी तो त्यांच्या पडण्याआधी पोचला नसता, हा हिशोब मी पुष्कळदा करून पाहिला आहे. तो बरोबर येतो. त्याने बरं मात्र वाटत नाही.

पाना आल्याचा निरोप गेला तसे मिस्त्री परत आले. उजवा हात आता खांद्याच्या खालीच राहायचा, पण अकरा रत्तल डाव्या हाताने पेलत होते. पहिल्या नटाचा कडकडाट झाला तेव्हा मस्तगडच्या गल्लीतली माणसं गोळा झाली. “खांद्याला काही न्हाई! बिलकुल न्हाई!” ते ओरडत होते. मी जिन्यात उभी होते. पाना कसा चालवायचा हे सगळ्यांनी हाताने शिकून घेतलं. वाचायचं काहीच उरलं नव्हतं. खुर्चीवर आता तेलाचा डबा असायचा.

वरच्या खिडकीत बसलं की मला आवाज ऐकू येतो. चार-पाच नट, मग टाकी भरेपर्यंत शांतता, मग पुन्हा. गेल्या वर्षी दोन नवे फिटर लागले. ट्रकच्या उलट्या आट्यांच्या चाकाशी आले की खालून आरोळी येते, “ए, इकडं डावा धागा हाय, पट्टी दाब!” मिस्त्रींनीच तो शब्द चालू केला असणार. नव्यांना वाटतं, या धंद्यात असंच म्हणतात.