बाण नसलेला रिपोर्ट

दुधाची किटली ओट्यावर टेकवली की बाई आधी आपल्या तोंडाकडे बघायच्या, मग दुधाकडे. मशीनवर फॅटचा आकडा उमटण्याआधी कुणी बोलायला लागलं तर तळहात आडवा धरायच्या. "आकडा बोलंल. तुमी गप ऱ्हावा."

कोल्हारला आमच्या दूध संकलन केंद्रावर त्यांनी एकवीस वर्षं दूध तपासलं. माझ्या दोन गाई, त्यामुळे मी रोज सकाळी त्यांच्यासमोर उभा असायचो आणि चिठ्ठीवरचा दशांशसुद्धा ताडून बघायचो. चूक एकदाही सापडली नाही. पाणी घालणाऱ्याला त्या चारचौघांत विचारायच्या, "दाजी, गाय प्रवरंच्या पाण्यात उभी करून पिळली का आज?" पुढचे आठ दिवस दाजी नीट दूध आणायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःच्या दुखण्याबद्दल ती बोलत नाहीत. बाईंना धाप लागायची, छातीत मध्येच धडधडायचं. नवरा वारलेला, मुलगी लांब सासरी. नगरला डॉक्टरकडे जायचं ठरलं तेव्हा कागद वाचायला म्हणून मी सोबत गेलो.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा वरचा कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. तिथं रक्त साचून गाठ धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा.

"उभ्या दुधावर साय धरती, तसं," बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि ते किती पातळ झालंय हे बघायला दर महिन्याला एक तपासणी; जितकं पातळ, तितका आकडा मोठा. आकडा किती हवा ते त्यांनी फाइलवर बारीक अक्षरांत लिहिलं, दोन ते तीन. सांगितलं ते आम्ही उठता उठता. पुढचा पेशंट दारात आला होता.

पहिल्या महिन्याचा रिपोर्ट २.६ आला. ठळक अक्षरं, शेजारी वर जाणारा बाण. पुढे छापलेलं होतं, नॉर्मल ०.८ ते १.२.

"भाऊ, लई वर गेलाय की."

"गेलाय खरा," मी म्हणालो.

फाइल त्यांच्या घरी पेटीत होती. ती उघडून बघायचं दोघांनाही सुचलं नाही. डॉक्टरला फोनही केला नाही. बाई सुरीनं गोळी अर्धी करून घ्यायला लागल्या. पुढच्या महिन्यात आकडा १.२. बाण नाही. त्यांनी केंद्रावर कागद माझ्यापुढे धरला. मी छापील आकड्यांशी ताडून बघितला आणि म्हणालो, "ताई, आता नॉर्मल आहे."

त्या दिवशी त्यांनी सगळ्या रांगेला चहा पाजला.

ते छापील आकडे निरोगी माणसाचे होते, ही गोळी घेणाऱ्याचे नव्हते. बाण होता तोच आकडा बरोबर होता. एवढं एक वाक्य त्या कागदावर का नसावं, असं मी नंतर लॅबमध्ये जाऊन विचारलं. "सगळ्यांना हाच फॉरमॅट असतो, काका," काउंटरवरचा माणूस मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. त्याची गचांडी धरावीशी वाटली. त्या घाईतल्या डॉक्टरचीही. पण "नॉर्मल आहे" हे त्या दोघांपैकी कुणी म्हणालं नव्हतं.

चहानंतर सतराव्या दिवशी, सकाळी, बाईंच्या उजव्या हातातून सॅम्पलची बाटली पडली. ओठ एका बाजूला ओढले गेले. माझ्यापुढचा गडी थट्टेनं म्हणाला, "मावशी, आमचं दूध बघून वाचाच बसली का?" रांग हसली. मीही हसलो. मग बाई खुर्चीवरून घसरल्या.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आकडा इतका खाली आलेला कुणी बघितला नाही?"

"मी बघितला," मी म्हणालो. ते पुढच्या खाटेकडे गेले.

बाईंची वाचा गेली होती, समज शाबूत होती. काही दिवसांनी गोळी पुन्हा सुरू झाली. एका सकाळी नर्सनं नवा रिपोर्ट आणला, २.४. ठळक अक्षरं आणि तोच बाण. तो दिसताच बाई घाबरल्या. मी गोळी पुढे केली होती, तो हात त्यांनी डाव्या हातानं लांब ढकलला.

"नाही ताई, हाच आकडा बरोबर आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी त्या गेल्या. तोवर गोळी रोज घेतली, पण नर्सच्या हातून. माझ्या हातून घेतली नाही.