सोललेलं संत्रं

यशवंत गेल्याचं मला पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सौंसरच्या कंडक्टरने सांगितलं. “मास्तर, तुमचा दोस्त गेला ना... तो पेट्यावाला.” पेट्यावाला! बी.ए.ला इंग्रजीत माझ्या पुढे असलेला माणूस शेवटपर्यंत संत्र्यांच्या पेट्यांवर दूरच्या शहरांची नावं रंगवत राहिला. का, हे परवापर्यंत फक्त मला ठाऊक होतं. तीन आठवडे झाले, आता लिहितो.

त्र्याऐंशीत, मृग बहाराची संत्री उतरत होती तेव्हा, पांढुर्ण्याच्या एका शाळेत इंग्रजीच्या मास्तरची एकच जागा निघाली. अर्ज दोघांचेही होते. मुलाखतीला आम्ही सौंसरहून एकाच बसने निघालो. संत्रं सोलता सोलता यशवंतने अचानक साल माझ्या डोळ्यांपुढे दाबली. बारीक फवारा उडाला.

“अबे, काय करून राहिला?” मी ओरडलो.

“झेस्ट!” तो हसत सुटला. “झेस्ट म्हणजे उत्साह, हे कोणीबी सांगते. पण मूळ पाह्य ना! फ्रेंचात झेस्ट म्हणजे संत्र्या-लिंबाची साल. स्वादासाठी पेयात टाकत. त्याचा झाला स्वाद, मग जगण्याची गोडी, मग उत्साह. आपण गर खातो अन् उत्साह उकिरड्यावर फेकतो, लेका! आज एखादा शब्द शिकवून दाखवा म्हणतीन, तर मी हाच शिकवणार.”

त्या सालीचा तुकडा मी खिशात टाकला. तेव्हा मनात काही नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो...

आधी माझं नाव पुकारलं. शब्द शिकवायला सांगितला आणि माझा हात खिशात गेला. समोरचे तिघंही खूश झाले. नंतर यशवंत आत गेला. बाहेरच्या बाकावर मला त्याचा आवाज ऐकू आला, मग हसणं, मग कोणीतरी म्हणालं, “भाई, ये संतरा तो छिल चुका. नकल करके आए हो?” दार ढकलून ‘शब्द त्याचा आहे’ एवढंच म्हणायचं होतं. मी बसून राहिलो. बोटांना सालीचा वास येत होता.

बाहेर येऊन तो म्हणाला, “अभिनंदन, सर.” त्यानंतर ‘अबे’ मला कधी ऐकू आलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो शब्द मी दरवर्षी वर्गात शिकवतो, मुलं खूश होतात. यशवंतचं नाव एकदाही घेतलेलं नाही.

दर हंगामात त्याच्या घरी जायचो. प्रत्येक वेळी ताटलीत सोललेल्या फोडी येत. मला तो पाहुणचार वाटायचा. परवा भेटायला गेलो, तर त्या दुःखाच्या घरातही त्याच्या बायकोने, शांतावहिनींनी, तशीच ताटली पुढे ठेवली.

“ते सांगूनच ठेवत, सरायले सोलूनच द्यायचं. साल त्यायच्या समोर आणू नको. तुमचे डोळे चुरचुरतात म्हने.”

“साल आहे का, वहिनी?”

“फेकली न उकिरड्यावर. कायले पाहिजे?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, ताटली उचलली आणि आत गेल्या. मी बराच वेळ बसून होतो... त्या बाहेर आल्या नाहीत.