आधी मामाजींचा गाल

सानगडीच्या माझ्या मामेसासऱ्यांचा शेकावर जेवढा विश्वास होता, तेवढा खुद्द अग्नीचाही स्वतःवर नसेल. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि पाटावरून उठताना कमरेला हात लावला, एवढाच माझा अपराध. मामाजींनी मला तिथल्या तिथे पालथं पाडलं. धानाचा कोंडा आणि मीठ बांधलेली पुरचुंडी तव्यावर तापतच होती. वरणभातासारखी ती त्या घरी रोज लागायची. मी ‘नको, नको’ म्हणतोय आणि सासरची मंडळी दारात उभी राहून हसताहेत! म्हशीचा सुजलेला पाय, शेजाऱ्याची आखडलेली मान, तळ्यात पडलेला पुतण्याचा मोबाइल, मामाजींनी सगळ्यांना शेकलं. मोबाइल दगावला. “उशिरा आणला,” मामाजी म्हणाले. उशीर करणाऱ्यांचा त्यांना भारी राग. चार दिवसांनी कुणी दुखरी पाठ घेऊन आलं की आधी बोलणी बसत, मग शेक मिळे. “दुखणं शिळं करून काहून आणलं बे?”

पण माणूस मायेचा. दुसऱ्याला लावण्याआधी पुरचुंडी स्वतःच्या उजव्या गालावर टेकवून पाहत. “आधी मले, मंग तुमाले.” त्याच गालात सकाळपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा भरलेला असे. पुढे पुढे पुरचुंडी गालावर जरा जास्तच वेळ राहू लागली. “मामाजी, पेशंट कोण आहे?” आम्ही थट्टा करायचो. ते डोळे मिटून हसत. आम्हाला वाटे, वय झालं, चटका लवकर कळत नसेल.

गालात गाठ होती. तोंड उघडेना तेव्हा कळलं. इतके दिवस ते तिला लपूनछपून, आमच्या डोळ्यांदेखत शेकत होते.

नागपूरच्या दवाखान्यात किरणांचे उपचार ठरले. किरणं जास्त लागू पडावीत म्हणून यंत्रानं गाठीला उष्णताही देऊ, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मामाजी हरभऱ्याच्या झाडावर चढले. “पाहा जवाई! मी काय सांगून राहिलो होतो?” यंत्राचा शेक तापाहून थोडाच जास्त असतो हे कळल्यावर मात्र त्यांनी नाक मुरडलं. “एवढ्यानं त चाहाही होत नाही!” बाई हसल्या. नुसत्या शेकानं गाठ जात नाही, किरणांना त्याची मदत होते आणि तीही वेळेवर आलं तर, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, “बाबा, एवढा उशीर का केला?” हा प्रश्न मामाजींनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता.

गाठ थोडी आटली, पण उशीर व्हायचा तो झालाच होता. शेवटी शेवटी त्यांचे पाय गार पडत. एका दुपारी मी पुरचुंडी तापवली आणि आधी माझ्या गालावर टेकवली. का कोण जाणे, ती तिथून काढवेना. मग त्यांच्या तळपायांना लावली. मामाजी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सगळं पाहत होते.

“जवाई, गालावर लय वेळ ठेवली तुमी,” ते कसेबसे म्हणाले. “एकदा दाखवून या.”

एवढंच वाक्य आमच्यापैकी कुणी त्यांना वेळेवर म्हटलं असतं तर!