आजची भेळ

जुन्या ऑफिसातली दोन माणसं भेटली की किस्से निघतात, आणि एक निघाला की दुसरा त्याच्या मागे येतोच. माझ्याकडे इतके साठलेत की भाची म्हणते, "मावशी, तुम्ही काम कधी करायचात गं?" करायचो की! पण ते कोणाला आठवतंय?

नारायण पेठेत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी. माणसं पाच, कॉम्प्युटर चार. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठी आम्ही एक खेळ बनवत होतो. स्क्रीनवर विस्कटलेली अक्षरं येणार, मुलांनी जुळवून शब्द करायचा, की खाली त्याचा अर्थ झळकणार. दिवसभर इंग्रजी शब्द विस्कटून डोकं आंबायचं. म्हणून चारच्या चहाला आम्ही फळ्यावर मराठी अक्षरं विस्कटायचो. रोज एकाची पाळी. वर लिहायचं, ‘आजची भेळ’.

नियम दोनच. शब्द लावणाऱ्याने अर्थही सांगायचा. आणि ज्याला अर्थच नाही ती भेळ पुसायची, म्हणजे लिहिणारा हरला.

चॅम्पियन मी! कपातली साखर विरघळायच्या आत शब्द लावायचे.

*

एकदा संध्याकाळी अमेरिकेच्या क्लायंटचा फोन चालू होता आणि खाली गोरज मुहूर्ताचं लग्न. ऐन बोलण्यात लाउडस्पीकरवरून गुरुजी गरजले, "सावधान!" क्लायंट दचकला. हे काय ओरडतायत, अर्थ काय त्याचा?

आमचे साहेब पाटणकर. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही त्यांच्या. शांतपणे म्हणाले, "वॉर्निंग आहे. इग्नोर करा. सगळेच करतात."

*

मग नागपूरहून वानखेडे आले. उंच, सावळे, बोलणं कमी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भेळ घातली: र सां बा.

"सांबार!" मी उडीच मारली. "इडलीबरोबर खातात ते!"

"शब्द बरोबर. अर्थ चुकला," वानखेडे म्हणाले. "सांबार म्हणजे कोथिंबीर."

केवढा दंगा झाला! शेवटी कळलं की नागपूरकडे कोथिंबिरीला खरंच सांबार म्हणतात. आदल्या दिवशी हे मंडईत जाऊन म्हणाले होते, "मावशी, सांबाराची जुडी द्या." भाजीवाली मान वर न करता म्हणाली, "हॉटेल पलीकडच्या गल्लीत आहे."

"काल बिनसांबाराचीच भाजी खाल्ली जी," ते म्हणाले. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मंडईतून कोथिंबिरीची एक ताजी जुडी आणली आणि त्यांच्या कीबोर्डवर ठेवली.

पाटणकर साहेबांनी जुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फुलं महाग झालेली दिसतायत!"

*

वानखेडे फोनवर धाकट्या भावाला समजावत होते, "तू घाई करू नको."

मला राहवेना. "अहो, ‘नकोस’ म्हणावं! ‘स’ कुठे गेला?"

"राहू द्या तुमच्यापाशीच. आमचं भागते त्याच्याबिगर!"

वर्षभर मी त्यांच्या त्या ‘स’च्या मागे लागले होते. तो काही आला नाही. खरं सांगू? येऊ नये असंच वाटायचं मला. तो आला असता तर त्यांच्याशी भांडायला निमित्त काय उरलं असतं?

*

खेळाचं टेस्टिंग सुषमा करायची. एके दिवशी रडकुंडीला आली. चार अक्षरं, दहा मिनिटं झाली, सुटेचना! आम्ही सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा. स्क्रीनवर होतं एच, ओ, एम, ई. होम! विस्कटताना कॉम्प्युटरने अक्षरं होती तशीच, ओळीने टाकली होती.

पाटणकर साहेब म्हणाले, "घरासमोर उभ्या आहात आणि पत्ता विचारताय!"

प्रोग्रॅम वानखेड्यांचा होता. चूक दुरुस्त करता करता ते आपल्याशीच म्हणाले, "भेळ आहे म्हटलं की माणूस सरळ वाचतच नाही."

*

आणि मग मला अमेरिकेला पाठवायचं ठरलं. दोन वर्षांसाठी. पेढे वाटले, आईने लोणच्याच्या बरण्या बांधल्या, पेठेतली ओळखीपाळखीची माणसं अभिनंदन करून गेली. मला मात्र एकाच माणसाने अडवायला हवं होतं. नुसतं एकदा म्हटलं असतं ना, तर तिकीट फाडून टाकलं असतं मी! आणि तो माणूस म्हणाला काय, तर "थंडी लय असते म्हणते तिकडे."

शेवटच्या दिवशी भेळेची पाळी वानखेड्यांची होती. चहा आला. ते उठले आणि फळ्यावर सावकाश लिहिलं:

जा ऊ न को स

आम्ही तुटून पडलो. "नऊ! नऊ येतंय त्यात!" सुषमा ओरडली. "सजा," पाटणकर साहेब म्हणाले. मी म्हटलं, "ऊस! आणि कोन! पण मग ‘जा’ उरतो." उलटं करून पाहिलं, मधून सुरुवात करून पाहिलं, वहीत लिहून पाहिलं. चहावर साय धरली. माझा शेवटचा दिवस, आणि मला भेळ सुटत नाही म्हणजे काय!

"एखादं अक्षर उगाच घातलंत ना?" मी म्हटलं. "हा ‘स’ काढा बरं."

"नाही," वानखेडे म्हणाले. "‘स’ पाहिजेच. मुद्दाम घातला आहे."

आणखी पाच मिनिटं गेली. शेवटी मी पेन खाली ठेवलं. "अहो वानखेडे, याला काही अर्थच नाहीये!"

त्यांनी एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बरं," म्हणाले, आणि डस्टर उचलून त्यांनीच ते पुसलं.

वर्षभरात पहिल्यांदा वानखेडे हरले होते. मी केवढ्या टाळ्या वाजवल्या!