यादीतल्या रिकाम्या ओळी

एकाच खुर्चीवर तीस वर्षं बसलं की दोन गोष्टी न मागता मिळतात: कंबरदुखी आणि किस्से. कंबरेला निदान तेल तरी चोळता येतं. किस्से सांगून टाकावे लागतात, नाहीतर साचत जातात. माझी खुर्ची नाशिकच्या एका सरकारी ऑफिसात, प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांच्या टेबलाला. म्हणजे बघा, दर मे महिन्यात अख्ख्या जिल्ह्याच्या शिव्या एका टेबलावर!

* * *

आमचे हेडक्लार्क सोनवणे अण्णा. बदल्यांचं रजिस्टर त्यांच्या हातचं. प्रत्येक तालुक्यातल्या शिक्षकांची नावं लिहायची, आणि तिथे जितक्या जागा रिकाम्या तितक्या ओळी मध्ये कोऱ्या सोडायच्या, ही त्यांची पहिल्यापासूनची पद्धत. कोणी बदलून आलं की त्या ओळीत नाव.

एका नव्या साहेबांनी रजिस्टर चाळून विचारलं, "अहो, एवढा कागद वाया? ह्या ओळी रिकाम्या का?"

"ओळी भरलेल्या आहेत साहेब," अण्णा म्हणाले. "जागा रिकाम्या आहेत!"



* * *

तेव्हा सिनिऑरिटी हातानं लावायची. एकेका शिक्षकाची चिठ्ठी करायची आणि नोकरीच्या तारखेप्रमाणे त्या फरशीवर मांडत जायचं. गुडघे कामातून जायचे. एका मे महिन्यात तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेवटची चिठ्ठी ठेवली, आणि साहेब आत आले. "अरेरे, काय उकडतंय हो तुम्हाला!" असं म्हणत, अगदी भल्या मनानं, त्यांनी पंखा लावला.

अण्णा जागचे हलले नाहीत. "सगळ्यात सिनियर कपाटाखाली गेले, साहेब," एवढंच म्हणाले.

आम्ही परत खाली बसलो.

* * *

पगारे बाई सुरगाण्याच्या पार टोकाच्या शाळेत. नवरा आणि दोन मुली नाशिकरोडला. घराजवळ, निदान दिंडोरीला तरी बदली मिळावी म्हणून दर मे महिन्यात जीपमध्ये सतरा माणसांत अंग चोरून बसत अर्ज घेऊन यायच्या. आणि दरवर्षी दोन-चार नावांनी मागे राहायच्या.

"बाई, यंदा नक्की," मी एकदा म्हणालो.

"भाऊसाहेब, मागच्या वर्षीही तुम्ही हेच म्हणालात. असाच चहा ढवळत!"

मी चमचा खाली ठेवला. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मी घरी गेले की धाकटी आधी विचारते, परत कधी जाणार?"

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटण्यापलीकडे माझ्या टेबलाला अधिकार नव्हते.

* * *

ऐंशीचं दशक उताराला लागलं तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याला एसी, आम्हाला खिडकी. चपला बाहेर काढायच्या. आठ दिवसांचं ट्रेनिंग मला दिलं, कारण काय, तर "तुमची रिटायरमेंट लांब आहे!"

अण्णांचं रजिस्टर मी कोऱ्या ओळींसकट जसंच्या तसं टाईप केलं. इंग्रजीत, तालुक्यांच्या एबीसीडीप्रमाणे. मग नोकरीच्या तारखेवर सॉर्ट मारला. पहिली कोरी ओळ लागली आणि यंत्र तिथेच थांबलं. बागलाणचे वरचे शिक्षक तेवढे रांगेत, बाकी जिल्हा होता तसाच!

आमच्या ऑफिसातले देवरे बागलाणातल्या सटाण्याचे. ते मागून अहिराणीत ओरडले, "आमना तालुका पहिला शे!"

* * *

दुसऱ्या वेळी अख्खी यादी निवडून सॉर्ट मारला. आता तारीखच नसलेल्या जिल्हाभरच्या कोऱ्या ओळी उडी मारून सगळ्यांच्या वर बसल्या. प्रिंटरनं कर्रकर्र करत पहिलं पान काढलं. वर मथळा, खाली कोरं करकरीत.

साहेबांनी पान उलटसुलट बघितलं. "जिल्ह्यात सगळ्यात सिनियर कोण?"

"कोणी नाही, साहेब."

"मग काढून टाका त्या कोऱ्या ओळी!"

अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर. यंत्राशी झगडून चौथ्या दिवशी मी इतका थकलो होतो, की साहेब म्हणाले असते तर तालुकेही काढून टाकले असते. ओळी काढल्या. यादी सरळ लागली. आणि बदली मागणाऱ्यांत पहिलं नाव पगारे बाईंचं! मी त्याच दिवशी त्यांना कार्ड टाकलं.

* * *

बाई पेढे घेऊन आल्या आणि हातात कागद पडला: "जागा रिक्त नसल्याने विनंती अमान्य."

रिक्त जागा त्या छापील यादीवरून मोजल्या होत्या, आणि रिकाम्या ओळी तर मीच पुसल्या होत्या. यादीप्रमाणे अख्ख्या जिल्ह्यात एकही जागा रिकामी नव्हती! मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कागदावर जागा दाखवा, सही करतो."

बाई पेढ्यांचा पुडा परत पिशवीत ठेवायला लागल्या.

अण्णा नेमके त्या दिवशी कामावर हजर झालेले. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जुनं रजिस्टर मागवलं. दिंडोरीचं पान मला उघडायला लावलं. मग बोटानं ओळी मोजत खाली आले, आणि एका कोऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"मला दिसत नाही. बाई, हे पेन घ्या. नाव तुम्हीच लिहा."

बाईंनी फळ्यावर लिहावं तसं सावकाश, टपोऱ्या अक्षरात नाव लिहिलं. रजिस्टर मी उघडंच उचललं, अण्णांनी माझा खांदा धरला, आणि आम्ही तिघं साहेबांपुढे जाऊन उभे राहिलो.

साहेबांनी पान बघितलं. शाई अजून ओली होती.

"सोनवणे, हे अक्षर तुमचं नाही. कोणाचं आहे?"

"ज्यांची जागा, त्यांचं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.